हसायला मॉल लागत नाही

दुकानातल्या नोकरीवर, त्यातही नव्याने रुजू झालेल्या विक्रेत्यावर, मराठीत धड विनोदी मालिका का नाही, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं. हा प्रकार मुळात इंग्रजांचा. त्याला गजबजलेला मोठा रस्ता हवा, त्यावर चार मजली दुकान हवं, दुकानात विभाग हवेत, विभागाला प्रमुख हवा आणि त्याच्या हाताखाली पायरीपायरीने बसवलेली माणसं हवीत. आपल्याकडे हे सगळं मॉलबरोबर आता कुठे आलं, तेव्हा मालिका झालीच तर पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये होईल. तालुक्याच्या गावात एक शेठ, दोन पोट्टे आणि एक पंखा; त्यातून काय निघणार? या उत्तराच्या पोटात आणखी एक समजूत दडलेली असते. ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. काउंटरमागे उभं राहण्यात शिकण्यासारखं काही नसतं, म्हणून नवशिक्याची गंमत म्हणजे त्याने गठ्ठा अंगावर पाडून घ्यायचा, माप चुकवायचं आणि शेठच्या शिव्या खायच्या, बस.

माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. या प्रकाराला खरी जागा तालुक्याच्या गावातच आहे, आणि मॉलमध्ये तो कायम अर्धाच राहील. बोलणं हवेत राहू नये म्हणून एक गाव धरून चालू: यवतमाळ जिल्ह्यातलं बाभुळगाव. एका अंगाला यवतमाळ, दुसऱ्या अंगाला धामणगाव रेल्वे, जवळ बेंबळेचं धरण, शिवारात कापूस, सोयाबीन आणि तूर. 'लोकमत'चे संस्थापक जवाहरलाल दर्डा इथे जन्मले, ही गावाची सर्वांत ठाऊक असलेली ओळख. बाजाररस्ता तालुक्याच्या कुठल्याही गावाला असतो तसाच आहे: कापडाची दुकानं, कृषी केंद्रं, किराणा, मोबाइलवाले.

पूर्वपक्षाचा मुख्य आधार इंग्रजी मालिका हा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. बीबीसीवर १९७२ साली एका सुट्या भागाने सुरू झालेली आणि १९८५ पर्यंत चाललेली 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?' ही या जातीची कुलस्वामिनी. 'ग्रेस ब्रदर्स' नावाचं जुनाट दुकान, बायकांच्या कपड्यांचा विभाग पुरुषांच्या विभागाच्या मजल्यावर आणून बसवलेला, वर एक म्हातारा मालक, मजल्यावर ताठ कण्याचा कॅप्टन पीकॉक, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर कनिष्ठ विक्रेता मिस्टर लुकास. सहलेखक जेरेमी लॉइड याने लंडनच्या सिम्प्सन्स या पिकॅडिलीतल्या दुकानात स्वतः सूट विकले होते. मोठं दुकान, पायऱ्या, सगळं प्रतिपक्षाला हवं तसं.

पण त्याच बीबीसीवर, त्याच वर्षांत, 'ओपन ऑल अवर्स'ही चालू होती. रॉय क्लार्कची ही मालिका एका कोपऱ्यावरच्या दुकानात घडते; तिची बाहेरची दृश्यं डोंकास्टरच्या एका साध्या वस्तीत चित्रित व्हायची. माणसं किती? चिक्कू, तोतरा आर्कराइट आणि त्याचा भाचा ग्रॅनव्हिल. मध्ये एक गल्ला, जो पैसे ठेवणाऱ्याची बोटं चावायचा. ना विभाग, ना मजले. बीबीसीनेच २००४ साली ब्रिटनमधल्या सर्वोत्तम विनोदी मालिकांचा कौल घेतला तेव्हा हे दोन माणसांचं दुकान आठवं आलं आणि मोठं 'ग्रेस ब्रदर्स' विसावं. कौल म्हणजे काही प्रमाण नव्हे, हे मान्य. पण ज्या देशातून हा प्रकार आला म्हणतात त्याच देशातल्या प्रेक्षकाला मजल्यांची गरज भासली नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

उतरंडीचं म्हणाल तर ती मजल्यांवर अवलंबून नसते. बाभुळगावसारख्या गावातल्या कापडदुकानात नीट पाहिलं तर 'ग्रेस ब्रदर्स'ला लाजवील अशी उतरंड दिसते. गल्ल्यावर शेठ. त्याच्या बाजूला मोबाइल पाहत बसलेला त्याचा मुलगा, ज्याला दुकानाचं नाव बदलून शेवटी 'कलेक्शन' लावायचं आहे. शेठच्या वडिलांच्या वेळेपासून असलेले काका, ज्यांना पगार नोकराचा आणि मान घरच्या माणसाचा. शेठला 'तू' म्हणू शकणारा दुकानातला हा एकटाच माणूस. मग साड्यांकडचा, शर्टिंगकडचा, लहान मुलांच्या कपड्यांकडचा असे विक्रेते. बाहेर ओट्यावर शिलाई मशीन घेऊन बसलेला टेलर, जो दुकानाचा नाही आणि दुकानाबाहेरचाही नाही. आणि शेवटी नवा पोट्टा. त्याने पहिले काही महिने गिऱ्हाइकाशी बोलायचंच नाही. चहा आणायचा, झाडायचं, आणि इतरांनी उलगडून टाकलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या. लग्नाचं गिऱ्हाईक आलं तर कोणी उठायचं, नुसता टॉवेल घ्यायला आलेला कोणाच्या वाट्याला, याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत आणि कोणी मोडत नाही.

आता दुसरी, न बोललेली समजूत. विक्रीत शिकायचं काय? कापडाच्या दुकानातला नवखा शिकतो ते मोजायला घेतलं तर यादी लांबते. पन्हा नजरेने ओळखायचा. सुती आणि सुतीसारखं दिसणारं यांतला फरक बोटांनी सांगायचा. सहावारी कोणाला दाखवायची आणि नऊवारी कोणासमोर आधी काढायची, हे बाई उंबरा ओलांडते तेवढ्या वेळात ठरवायचं. किमतीच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव आकड्यांत नसतो, अक्षरांत असतो. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द दुकान ठरवतं आणि प्रत्येक अक्षर एका आकड्याला बांधतं. हा शब्द नव्या पोट्ट्याला लगेच कळत नाही. तो सांगितला गेला की समजायचं, आपण टिकलो. त्या दिवसापासून घासाघीस हा त्याच्यासाठी खेळ होतो. त्याआधी ती नुसती भीती असते.

आणि मग बस्ता. लग्नाची कापडखरेदी म्हणजे दुकानातली मोठी परीक्षा. दोन्हीकडचे सोयरे गाडी भरून येतात, गाद्यांवर बसतात, चहा होतो, पाणी होतं, पुन्हा चहा होतो. शालू, करवल्यांच्या साड्या, मानाच्या साड्या, टॉवेल-टोपीचे गठ्ठे. नवखा विक्रेता नवरीकडे पाहून साड्या उलगडत राहतो. थोडा मुरलेला विक्रेता पैसे देणाऱ्या बापाकडे पाहतो. काका मात्र मागच्या भिंतीला टेकून, काहीच न बोलता बसलेल्या आत्याबाईकडे पाहतात, कारण तिने नाक मुरडलं तर आख्खा बस्ता यवतमाळला जाणार आहे. ही विद्या कुठल्या अभ्यासक्रमात नाही. ती शिकताना माणूस जे धक्के खातो त्यात एक अख्खा भाग आहे, आणि त्यात गठ्ठा पाडण्याची काही गरज नाही.

विक्रेत्याच्या शब्दाला वजन असतं याचा पुरावा हवा असेल तर कापड सोडून शेजारच्या कृषी केंद्रात जावं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर चौकशा झाल्या, आणि कोणतं औषध कशात मिसळायचं हे शेतकऱ्याला कोण सांगतं, हा प्रश्न थेट विक्रीच्या काउंटरपाशी येऊन थांबला. कृषी निविष्ठा विकणाऱ्यांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने एक वर्षाची पदविका २००३ पासून सुरू केली ती याच कारणाने: गावात कृषी विद्यापीठाचा माणूस क्वचित पोचतो, दुकानातला माणूस रोज असतो. बीटी कापसाच्या बियाण्याचा कमाल भाव तर २०१५ च्या आदेशानंतर केंद्र सरकारच ठरवतं. मग तिथला विक्रेता विकतो काय? शेजारच्या दुकानातही तीच थैली त्याच भावाला मिळते. तो विकतो आपला शब्द. जे काम चुकलं तर माणूस दगावू शकतो, ते 'कोणालाही जमणारं' म्हणणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे.

इथे एक आडवळण. देशभरच्या दुकानांत एक पाटी लटकलेली असते: गिऱ्हाईक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर, वगैरे. खाली महात्मा गांधींचं नाव. गांधींच्या समग्र वाङ्मयात हे सापडत नाही. शोध घेणाऱ्यांना हा मजकूर सापडला तो १९४१ च्या सुमारास, स्टुडबेकर या अमेरिकन मोटार कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या नावावर. सेवाग्राम बाभुळगावपासून लांब नाही, लगतच्या वर्धा जिल्ह्यात आहे. आणि तरी मोटारी विकणाऱ्याचा उपदेश गांधींच्या नावाने खपतो. विक्री हे स्वतःचं शास्त्र असलेलं काम आहे असं आपण मानलं असतं, तर त्याला महात्म्याची सही उसनी आणावी लागली नसती. आपली जुनी नजर तर व्यापाऱ्याकडे संशयानेच पाहते. कौटिल्य व्यापाऱ्यांपासून प्रजेचं रक्षण कसं करावं हे सांगतो ते 'कंटकशोधन' नावाच्या अधिकरणात, आणि देशी मालावर शेकडा ५, परदेशी मालावर १० एवढाच नफा मान्य करतो.

मग मराठीत हा विनोद आला का नाही? प्रतिपक्ष म्हणतो, विषयच नव्हता. मी म्हणतो, लिहिणारे चुकीच्या बाजूला उभे होते. आपल्या विनोदाचा नायक कारकून आहे. चिं. वि. जोशींचा चिमणराव कारकून. पु. लं.चा 'असा मी असामी'तला धोंडो भिकाजी जोशी कारकून. 'बटाट्याच्या चाळी'त खोल्याखोल्यांतून चाकरमानी. म्हणजे कामाच्या ठिकाणचा विनोद आपल्याला परका नव्हताच. दुकानातला परका होता. कारण लिहिणारा पांढरपेशा पगारदार दुकानात शिरायचा तो गिऱ्हाईक म्हणून. पुणेरी दुकानदारावरचा पु. लं.चा विनोद अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे, पण तो काउंटरच्या अलीकडून पाहिलेला आहे. त्यात मालक आहे, ताटकळलेलं गिऱ्हाईक आहे, आणि घड्या घालणारा पोरगा कुठेच नाही. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मध्ये धनंजय माने सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नोकरी करतो, पण ते दुकान मालकिणीच्या प्रेमात पडण्यापुरतं. त्याने विकलं काय आणि कसं, हे वसंत सबनीसांच्या लेखणीला महत्त्वाचं वाटलं नाही.

लोकपरंपरेला मात्र वाटलं होतं. तमाशातली गवळण आठवा: दूध-दही-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, बरोबर मावशी, आणि वाट अडवून दाण मागणारा कृष्ण व त्याचा पेंद्या. सगळा विनोद विक्रीला निघालेल्या बायकांच्या वेळेवर, मालावर आणि जिभेवर उभा आहे. मावशी ही ज्येष्ठ विक्रेतीच. नव्या गौळणीला काय बोलायचं हे तीच शिकवते. विलायती मालाची नक्कल करायची की नाही हा वाद होतो तेव्हा ही आपलीच मावशी कोणाला आठवत नाही, याची मला गंमत वाटते.

मॉल विरुद्ध गाव या मुद्द्यावर प्रतिपक्षाकडे एक चांगलं अस्त्र आहे, आणि ते बर्गसाँचं. हास्यावरच्या १९०० सालच्या पुस्तकात त्याने सांगितलं की जिवंत माणसावर यंत्रासारखा ताठरपणा चढला की आपण हसतो. मॉलमधला विक्रेता तर पाठ केलेलं अभिवादन आणि ठरवून दिलेलं हसू घेऊनच उभा असतो. म्हणजे विनोदाची खाण तिथेच, असं म्हणता येईल. पण यंत्रपणा दिसायला खाली जिवंत माणूस दिसावा लागतो. मॉलमध्ये गिऱ्हाईक विक्रेत्याला ओळखत नाही, विक्रेता गिऱ्हाइकाला. यंत्राने यंत्राला नमस्कार केला तर हसायचं कोणी? तोच पोट्टा यवतमाळहून दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन बाभुळगावला येऊ द्या आणि शेठच्या मुलाच्या आग्रहावरून दारात उभा राहून म्हणू द्या, "वेलकम मॅम, हाउ मे आय हेल्प यू?" समोर त्याची सख्खी मावशी.

"काहून रे बाप्पा, तब्येत बरी नाही का तुही?"

"मॅम, आमच्याकडे नवीन कलेक्शन..."

"मॅम कोनाले म्हणतं? तुह्या मायले सांगतो मी. आन् ते हिरवं लुगडं काढ, मागच्या खेपेले दाखोलं होतं ते."

इथे बर्गसाँ लागू पडतो. गावात विक्रेत्याला लपायला जागा नाही. गिऱ्हाइकाला त्याच्या बापाची शेती, बहिणीचं लग्न, दहावीचे मार्क सगळं माहीत असतं, आणि त्यालाही गिऱ्हाइकाची उधारी किती हे माहीत असतं. दोघंही एकमेकांचं गुपित खिशात ठेवून भाव ठरवतात. ऑनलाइन खरेदीने ही दुकानं संपली, असंही म्हणतात. पण मोबाइल उधारी ठेवत नाही आणि आत्याबाई रुसली हे त्याला कळत नाही. या विषयावर माझ्याकडे याहून जास्त बोलण्यासारखं नाही.

भरतमुनींचंही थोडं ऐकावं. 'नाट्यशास्त्रा'त हास्याचे सहा प्रकार आहेत, स्मितापासून अतिहसितापर्यंत, आणि ते उत्तम, मध्यम, अधम प्रकृतींना दोन-दोन वाटून दिलेले आहेत. दुकानात ही वाटणी उलटी होते. गिऱ्हाईक पोट धरून हसू शकतं, शेठही. पगारी पोट्ट्याला मात्र फक्त स्मित, म्हणजे भरताने उत्तमांसाठी राखून ठेवलेलं. दिवसभर मनात साठलेलं अतिहसित शटर खाली ओढल्यावर, टेलरच्या ओट्यावर, काका कोणाची नक्कल करतात तेव्हा बाहेर पडतं.

आता उरला तो आक्षेप खरा गंभीर आहे आणि त्याला टोलवून चालणार नाही. यवतमाळ म्हटलं की महाराष्ट्राला शेतकरी आत्महत्या आठवतात. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं, त्यात हा जिल्हा होता. २०१९ चं मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरलं तेव्हा त्याचं उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या बाईंनी केलं. अशा ठिकाणी विनोदी मालिका? आणि तीही तुटपुंज्या पगारावर दिवसभर उभ्या असलेल्या पोरांवर?

पहिला भाग आधी. दुकानाचं वर्ष शेताच्या वर्षावर चालतं. मृगाच्या तोंडावर घरातली रोकड बियाण्याला जाते, म्हणून कापडदुकान ओस. पोळ्याला थोडी हालचाल. पहिला वेचा घरात आला की दिवाळीची खरेदी, आणि चुकारे कसे आणि केव्हा हाती पडतात त्यावर लग्नसराईचा बस्ता केवढा होणार हे ठरतं. कापसाचा भाव पडला ही बातमी टीव्हीवर येते त्याच संध्याकाळी शालूच्या गठ्ठ्याकडे कोणी बोट दाखवत नाही. शेतीचं संकट इतक्या रोजच्या रूपात दाखवायला काउंटरइतकी जागा दुसरी नाही, आणि उधारीची वही समोर असताना विनोद खोटा होऊ शकत नाही. यवतमाळला नुसतं रडतं दाखवणं ही मला दया कमी आणि आळस जास्त वाटतो. वऱ्हाडी बोलीचंही तेच झालं आहे: छोट्या पडद्यावर 'चला हवा येऊ द्या'सारख्या कार्यक्रमांतून ती पोचली हे चांगलंच झालं, पण पुष्कळदा नुसतं 'काहून' म्हटलं की हशा घेतला जातो. बाभुळगावात 'काहून' म्हटल्यावर कोणी हसत नाही. तिथे विनोद पुढच्या वाक्यात असावा लागतो.

दुसरा भाग अवघड आहे. दुकानातल्या नोकरांवरचं आपल्या देशातलं ठळक चित्र विनोदी नाहीच. वसंतबालनचा 'अंगाडी तेरू' (२०१०) चेन्नईच्या रंगनाथन स्ट्रीटवरच्या कापडदुकानातल्या पोरांचा नरक दाखवतो. केरळात विक्रेत्या बायकांना कामाच्या वेळात बसायचा हक्क मिळवण्यासाठी लढावं लागलं. कोझिकोडच्या बायकांनी ते आंदोलन चालवलं, २०१८ मध्ये केरळने कायदा बदलला आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने. आपल्याकडे दुकानं व आस्थापनांचा २०१७ चा कायदा मुख्यतः ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या जागांना लागू आहे. त्याहून लहान दुकानाने फक्त सूचना द्यायची. म्हणजे आपल्या पोट्ट्याचे कामाचे तास, सुट्टी, जादा काम, सगळं शेठच्या मर्जीवर. असं असताना त्याच्यावर हसणं क्रूर, हे मी मान्य करतो. पण त्याच्या बाजूने हसणं क्रूर नाही. अमेरिकेतल्या 'सुपरस्टोअर' (२०१५ ते २०२१) या मालिकेने पहिल्या पर्वाचा शेवट केला तो प्रसूतीची पगारी रजा नसलेल्या पोरीवर: भोळा व्यवस्थापक तिला निलंबनाच्या नावाखाली पगारासह रजा देतो, त्यापायी त्याचीच नोकरी जाते, आणि सगळे कर्मचारी काम टाकून बाहेर पडतात. प्रेक्षक शेवटपर्यंत हसत होते, आणि कोणाच्या विरुद्ध हसायचं हे त्यांना ठाऊक होतं.

बाभुळगावात तेवढा मोठा संपही लागणार नाही. नव्या पोट्ट्याने भर बस्त्यात नुसतं विचारावं, "शेठजी, थोडं बसू का?" शेठ म्हणणार, खुर्ची गिऱ्हाइकाची आहे. काका म्हणणार, मी इतकी वर्षं उभाच आहे, मले काय झालं. आणि हे म्हणताना त्यांचा एक हात गुडघ्यावर असणार. शेठचा मुलगा मोबाइलवर स्टुलाचे भाव पाहायला लागणार. आणि भिंतीला टेकलेली आत्याबाई पोट्ट्याला हात धरून आपल्याशेजारी गादीवर बसवून घेणार, कारण तिला त्याच्या आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं काय झालं ते विचारायचं आहे. शेठ काही बोलू शकणार नाही. बस्ता अजून बांधून व्हायचा आहे.